सभेतला आवाज आणि डब्यातला आवाज

गॅदरिंगमध्ये कुणालाही हिटलरची नक्कल करायला सांगा. नाकाखाली चौकोनी मिशी, उजवा हात वर आणि पहिल्या शब्दापासून आरडाओरडा. नक्कल बरोबर वाटते, कारण आपण ऐकलेला हिटलर तेवढाच असतो: माहितीपटातला, पाच-सात सेकंदांचा, टिपेला गेलेला. दोन तासांच्या भाषणात तो आवाज शेवटाकडे लागायचा. भाषण नसताना हा माणूस कसा बोलायचा, हे ऐकायला मात्र आपल्या हाती जेमतेम अकरा मिनिटं आहेत.

ती अकरा मिनिटं 4 जून 1942 ची. फिनलंडचे सेनापती मानरहाइम यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता आणि हिटलर शुभेच्छा द्यायला विमानानं इम्मोला इथं आला होता. समारंभ रेल्वेच्या डब्यात. फिनलंडच्या सरकारी रेडिओचा थोर डामेन हा ध्वनितंत्रज्ञ औपचारिक भाषणं टिपायला हजर होता. भाषणं झाली, मंडळी गप्पांना बसली, आणि डामेननं यंत्र बंद केलं नाही. हिटलरच्या रक्षकांना डब्याच्या खिडकीतून बाहेर गेलेल्या वायरी दिसल्या तेव्हा त्यांनी ताबडतोब बंद करायला लावलं. ध्वनिमुद्रण नष्ट करा म्हणून आग्रह झाला. शेवटी सीलबंद ठेवायचं या बोलीवर ते वाचलं, पुढं सेन्सॉर खात्याचे प्रमुख कुस्ता विल्कुना यांच्याकडं गेलं आणि 1957 मध्ये रेडिओकडं परत आलं.

ऐकताना पहिला धक्का पट्टीचा बसतो. आवाज खालचा आहे, किंचित घोगरा, आणि वाक्य संपता संपता खर्जात उतरतो. ‘र’ जिभेच्या टोकावरचाच आहे. ऑस्ट्रिया-बव्हेरियाच्या सीमेवर वाढलेल्या माणसाचा तो तसाच असणार. पण सभेत तो ‘र’ ताशाच्या काडीसारखा वाजतो, इथं नुसता लागून जातो. वाक्यं लांबच लांब. एक सुरू करायचं, मध्येच दुसरं पकडायचं, मागचा शब्द पुन्हा घ्यायचा. सभेतल्या हिटलरचं वाक्य घडीव असतं, प्रत्येक तुकड्याला जागा ठरलेली. डब्यातला हिटलर चावडीवर बसलेल्या म्हाताऱ्यासारखा वळणं घेत बोलतो.

बोलतो काय? रशियाकडं 35,000 रणगाडे आहेत असं कुणी आधी सांगितलं असतं तर त्याला मी वेड्यात काढलं असतं, असं म्हणतो. जर्मन शस्त्रं चांगल्या हवेसाठी बनवलेली आहेत, हिवाळ्यासाठी नाहीत, असं म्हणतो. रुमानियाचं तेल हातचं गेलं असतं तर काय झालं असतं, ही धास्तीही बोलून दाखवतो. आठच महिन्यांपूर्वी, 3 ऑक्टोबर 1941 ला, बर्लिनच्या श्पोर्टपालास्टमध्ये त्यानं हाच विषय घेतला होता. शत्रूची तयारी किती प्रचंड होती याचा अंदाज नव्हता, हे तिथंही आहे. पण तिथं ते ‘आपण केवढ्या मोठ्या संकटातून वाचलो’ या चढाची पायरी म्हणून येतं, आणि पुढं लगेच हा शत्रू मोडला आहे, पुन्हा उठणार नाही, अशी ललकारी. कबुली तीच, पण एकीकडं तिच्यावर टाळ्या घेतल्या आहेत आणि दुसरीकडं ती पडल्या आवाजात टेबलावर ठेवली आहे.

आता हा आवाज सभेत एवढा वर का जायचा, ते पाहू. स्वभाव-बिभाव बाजूला ठेवा. निम्मं उत्तर साध्या पदार्थविज्ञानात आहे.

16 ऑक्टोबर 1919 ला म्युनिकच्या एका बिअरहॉलमध्ये तो पक्षाच्या सभेत बोलला तेव्हा समोर 111 माणसं होती. 24 फेब्रुवारी 1920 ला होफब्रॉयहाउसमध्ये दोन हजारांच्या आसपास. पुढच्याच वर्षी सर्कस क्रोनेत सहा हजारांवर. आणि माईक नाही. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी 6 डेसिबल पडते. पाच मीटरवरच्या माणसाला जे सहज ऐकू येतं, ते चाळीस मीटरवर 18 डेसिबल खाली गेलेलं असतं. बंद हॉलमध्ये भिंती थोडी मदत करतात, पण मग ग्लासांचा खणखणाट, धूर, मध्येच उठणारे विरोधक. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, पट्टीही वर नेतो आणि स्वर लांबवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरनं हे 1911 मध्ये लिहून ठेवलं, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. कोल्हापूरच्या रंकाळ्यावर भेळेच्या गाडीपाशी उभ्यानं गप्पा मारणारी चार माणसं बघा, पुस्तक न वाचता कळेल.

कोल्हापूरच्या लोकांना हे समजावायला एक सोपी वाट आहे. गायक नट केशवराव भोसले माईकशिवाय गायचे. शाहू महाराजांनी 1913 ते 1915 मध्ये बांधून घेतलेलं पॅलेस थिएटर, ज्याला पुढं केशवरावांचं नाव मिळालं आणि जे 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं, ते त्या काळाचं नाट्यगृह. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा तर नट तीन गोष्टी करायचा: पट्टी चढी, व्यंजनं टणक, आणि वाक्याचे तुकडे लहान. शाहिराचंही तेच. पोवाड्यातला ‘जी जी जी’ घरात बोलायचा आवाज नव्हेच. जर्मन रंगभूमीचं गणितही हेच होतं. थेओडोर झिब्स यांनी 1898 मध्ये रंगमंचावरच्या उच्चारांचे नियम बांधले, त्यात जिभेच्या टोकाचा घोळवलेला ‘र’ होता, कारण घशातला ‘र’ मागच्या रांगेला पोचत नाही. सभेतल्या हिटलरचा तो ‘र्रर’ आपल्याला त्याचा खास राग वाटतो. त्यात बराचसा वाटा त्या काळच्या नाटकी उच्चाराचा आहे.

या पद्धतीत बिघडतं ते घशात. छातीतून दम न घेता गळ्यातून जोर लावला की स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, सुजतात, आणि सवय सुटली नाही तर गाठ किंवा पॉलिप धरतो. आवाज आधी खरखरीत होतो, मग खालच्या पट्टीत लागेनासा होतो, आणि म्हणून माणूस आणखी वर ओरडतो. 1932 च्या प्रचारात हिटलर विमानानं फिरत एका दिवसात तीन-चार सभा घ्यायचा. आवाज टिकेना, तेव्हा पाउल डेव्हरिएंट हा ऑपेरा गायक शिक्षक म्हणून सोबत ठेवला गेला. त्या वर्षीच्या एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत, गुपचूप. उपजत वक्त्याला शिकवणी लागते हे बाहेर कळलं असतं तर पंचाईत होती. तरीही मे 1935 मध्ये कार्ल फॉन आइकेन या सर्जननं त्याच्या स्वरतंतूवरचा पॉलिप काढला, आणि 1944 मध्ये पुन्हा एकदा काढावा लागला. कीर्तनकार आणि शाळामास्तर यांना हा आजार ओळखीचा असेल.

पण माईक आल्यावरही ओरडणं का थांबलं नाही? इथं पदार्थविज्ञान संपतं.

1928 नंतरचे नॉयमान कंपनीचे बाटलीच्या आकाराचे कंडेन्सर माईक त्या काळच्या फोटोंत दिसतात. असा माईक तोंडापासून हात-दोन हातावर असला तर डब्यातला तो खालचा आवाज पन्नास हजार माणसांपर्यंत पोचवता आला असता. तांत्रिक अडचण उरलीच नव्हती. अडचण असलीच तर उलटी होती: मोठ्या मैदानात कर्णे लांब लांब लावले की प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या वेळी कानावर येतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे दोन कर्ण्यांमधल्या अंतरात 100 मीटरचा फरक असेल तर शब्द जवळजवळ 0.3 सेकंद मागेपुढे पडतो आणि भरभर बोललेलं वाक्य चिखल होतं. गांधी मैदानावर मागं उभं राहून भाषण ऐकलेल्याला हे सांगायला नको. उपाय आवाज वाढवण्याचा नाहीच. तुकडा लहान करायचा, थांबायचं, पुढचा तुकडा टाकायचा. न्यूरेम्बर्गच्या मैदानावरची भाषणं म्हणूनच बिअरहॉलमधल्यापेक्षा तुटक वाटतात.

शिवाय जुना कर्णा खर्ज खातो. साधारण 300 हर्ट्झच्या खालचं त्यातून नीट येत नाही, आणि पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर तर 100 ते 130 च्या आसपास असतो. खालच्या आवाजात बोललेलं कर्ण्यातून पातळ होऊन येतं आणि चढ्या आवाजातलं जोरकस. मंडपवाले अजून म्हणतात ते बरोबर आहे: कर्ण्याला लावणीवाली आणि शाहीर मानवतात, व्याख्याता मानवत नाही.

तरी निवड त्याची होती. पुरावा भाषणाच्या सुरुवातीत आहे. 10 फेब्रुवारी 1933 चं श्पोर्टपालास्टचं भाषण पूर्ण ऐका. आधी गोबेल्स मैदान तापवतो, मग हिटलर येऊन नुसता उभा राहतो. कागद सारखे करतो, हात बांधतो, वाट बघतो. सभागृह गप्प झाल्यावर जे सुरू होतं ते चक्क खालच्या पट्टीत, संथ, जवळपास कंटाळवाणं. पहिली काही मिनिटं ऐकली तर डब्यातल्या आवाजाचा हा सख्खा भाऊ आहे हे कळतं. मग आवाज हळूहळू पायऱ्या चढतो. मध्ये एकदा उतरतो, पुन्हा आधीपेक्षा वर जातो. आपल्याकडं ख्याल ऐकणाऱ्याला ही बढत ओळखू येईल. तार षड्जाची वाट बघायला लावल्याशिवाय तो लागल्याचं समाधान नसतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. माहितीपट बनवणारा नेमकी ही बढत कापतो आणि तार षड्ज तेवढा ठेवतो.

वेळेचंही तसंच. सकाळी दहाला म्युनिकच्या एका बिअरहॉलमध्ये घेतलेली सभा खचाखच भरूनही बर्फासारखी थंड राहिली, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय, आणि त्याला जोडून नाटकाचा दाखला दिलाय: तेच नाटक दुपारी तीनला आणि रात्री आठला सारखं रंगत नाही. संध्याकाळी माणूस थकलेला असतो, विरोध ढिला पडतो. पुढं त्याच्या मोठ्या सभा संध्याकाळनंतरच्या का, ते यात आलं.

हातवाऱ्यांची तालीमही झालेली. हाइनरिख होफमान या फोटोग्राफरनं 1920 च्या दशकात स्टुडिओत त्याचे फोटो काढले: मूठ आवळलेली, बोट रोखलेलं, दोन्ही हात वर. हिटलरनं ते बघून घेतले आणि काचेच्या निगेटिव्ह नष्ट करायला सांगितल्या. होफमाननं त्या केल्या नाहीत, म्हणून आज आपल्याला दिसतात. भाषणाचा मजकूर तो सेक्रेटरींना तोंडी सांगायचा आणि शेवटची प्रत सुमारे 12 मिलिमीटर उंचीच्या अक्षरांच्या खास टाइपरायटरवर निघायची. कारण चष्मा लागत होता आणि चष्म्यातला फोटो नको होता. ‘उत्स्फूर्त’ म्हणून नावाजलेल्या वक्त्याच्या समोर बोटाच्या नखाएवढी अक्षरं असायची.

आता ज्यांना हे स्वतः कानानं तपासायचंय त्यांच्यासाठी. पेटी पुरते. डब्यातल्या ध्वनिमुद्रणातला एखादा लांब स्वर पकडा, ‘आ’ किंवा ‘ओ’, तो गुणगुणा आणि पेटीवर शोधा. मंद्र-मध्याच्या सीमेवर, पांढरी एकच्या (सुमारे 131 हर्ट्झ) मागंपुढं शोधायला सुरुवात करा. मग सभेतल्या चढाचं वाक्य घ्या आणि त्यातला स्वर शोधा. सप्तकभर वर सापडेल, कधी त्याहूनही. ज्यांना आकडे हवेत त्यांनी प्राट हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावं. ते आम्सटरडॅमच्या बोर्स्मा आणि वेनिंक यांनी उच्चारशास्त्रासाठी बनवलंय. साध्या बोलण्यासाठी पट्टीची मर्यादा 75 ते 300 हर्ट्झ ठेवतात, पण सभेसाठी वरची मर्यादा 500 करा. नाही केली तर ओरडलेला स्वर निम्म्यावर मोजला जातो आणि तुम्हाला वाटतं की माणूस शांत बोलतोय. टाळ्या किंवा ‘हाइल’चा गजर चालू असलेला भाग अजिबात घेऊ नका. यंत्राला गर्दी आणि वक्ता वेगळे करता येत नाहीत, आणि येणारा आकडा कुणाचाच नसतो. पाच ते दहा सेकंदांचे स्वच्छ तुकडे, प्रत्येक भाषणाच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे.

सगळ्यात मोठी चूक मात्र मोजण्याआधीच झालेली असते. बातमीपट सेकंदाला 24 चौकटींच्या वेगानं घेतलेले. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीचा वेग 25 चौकटींचा. तोच बातमीपट टीव्हीसाठी सरळ फिरवला की सगळं सुमारे 4 टक्के भरभर जातं आणि आवाजही तेवढाच वर सरकतो. पेटीवरच्या शेजारच्या दोन स्वरांत जवळपास 6 टक्क्यांचं अंतर असतं, म्हणजे ही पाऊण घराची चढ झाली. त्यात तबकडीवरून घेतलेला आवाज, खर्ज गेलेला, वर गोंगाट कमी करायचं फिल्टर लावलेलं. अशी तीन हातांतून आलेली क्लिप यूट्यूबवर ऐकून ‘किती कर्कश होता’ म्हणणं म्हणजे मिठाईचा रिकामा डबा हुंगून पेढ्याची चव सांगणं. शक्य तिथं रेडिओच्या संग्रहातलं पूर्ण भाषण घ्या. आणि डब्यातल्या ध्वनिमुद्रणाच्या ‘साफ केलेल्या’ प्रतींपासून लांब राहा. फिल्टर जास्त झालं की आवाजातला घोगरेपणा निघून जातो, आणि तोच तर ऐकायचा असतो.

या ध्वनिमुद्रणावर शंकाही घेतली गेली. हिटलरचा एक अंगरक्षक, रोखुस मिश, वर्षानुवर्षं त्याच्याजवळ वावरलेला. त्यानं हे ऐकून हा आवाज त्याचा नसावा, कुणी नक्कल केली असावी असं म्हटलं. जर्मनीच्या केंद्रीय गुन्हे पोलिसांच्या आवाजतज्ज्ञांनी मात्र आवाज त्याचाच असल्याचा निर्वाळा दिला. मिशच्या गोंधळाचं मला फारसं नवल वाटत नाही. नोकरासमोरचा मालकाचा आवाज आणि पाहुण्या सेनापतीसमोरचा आवाज हे पुन्हा दोन वेगळे. ‘खासगी आवाज’ असा एकच एक नसतोच. सेक्रेटरी ट्राउडल युंगं हिला तो मृदू, जवळजवळ वडीलधाऱ्यासारखा आठवत होता. पूर्व आघाडीच्या मुख्यालयात रात्रीच्या जेवणानंतर त्यानं केलेली स्वगतं लिहून ठेवली गेली आहेत. त्यांत शहरं मरू द्यायच्या गोष्टी आहेत, आणि त्या त्याच बैठकीच्या सुरात बोलल्या गेल्या. मऊ आवाजावरून काहीच ठरवता येत नाही, हे या कागदांनी एकदाचं मिटवलंय.

तिसऱ्या प्रकारची ध्वनिमुद्रणं सहसा कुणी ऐकत नाही, आणि माझ्या मते तीच जास्त सांगतात: माईक आहे, गर्दी नाही. 1 फेब्रुवारी 1933 ला चॅन्सेलर झाल्यावर त्यानं रेडिओवर जाहीरनामा वाचून दाखवला. आवाज ताठ, एकसुरी, शाळेच्या तपासणीला धडा वाचणाऱ्या मुलासारखा. सभेची बढत नाही आणि डब्यातला ढिलेपणाही नाही. पुढं गोबेल्सच्या लोकांनी धोरणच बदललं: स्टुडिओ सोडून सभागृहातून थेट प्रक्षेपण, गर्दीसकट. घराघरात 76 मार्कांचा सरकारी रेडिओ ऑगस्ट 1933 पासून गेला तो सभेचा आवाज घेऊन. त्याच वर्षी 12 मार्चला अमेरिकेत रूझवेल्टनं नेमकं उलटं सुरू केलं: बैठकीच्या खोलीत बसून बोलल्यासारखं, गर्दीशिवाय. माईकची खरी ताकद त्याला कळली होती. हिटलरला ती वापरता आली नाही, समोर चेहरे नसले की त्याचा आवाज कुठं ठेवावा हेच त्याला उमगत नसे.

युद्धाच्या शेवटी पुन्हा तेच. 20 जुलै 1944 ला त्याच्यावर झालेल्या बॉम्बहल्ल्यात कानाचे पडदे फाटले होते, आणि त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, तो रेडिओवर बोलला, आपण जिवंत आहोत हे कळावं म्हणून. 30 जानेवारी 1945 ला शेवटचं. दोन्हीकडं टाळ्या नाहीत. चढायचा प्रयत्न ऐकू येतो, पायरीवर पाय पडतो, पण वर ओढायला कुणी नाही.

आणि डब्यात? तिथंही एक गोष्ट सभेसारखीच आहे. अकरा मिनिटांत मानरहाइम यांचं बोलणं जवळपास ऐकूच येत नाही. ते जर्मन उत्तम जाणत, वाढदिवस त्यांचा, यजमान ते. तरी मध्ये एखाददुसरा शब्द, की पुन्हा हिटलरचा तो खालचा, न थांबणारा आवाज सुरू. संभाषण म्हणून ऐकायला बसलात तर फसाल. ऐकताना घड्याळ लावा आणि दुसऱ्या माणसाचे सेकंद मोजा.